१८९४ छापलंय म्हणून पुस्तक १८९४ चं होत नाही

जुन्या बालपुस्तकांवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि पत्रांचा ढीगच आला. सगळी घेता येणार नाहीत, पण ही चार घेतलीत, कारण यातलं काही ना काही जवळपास प्रत्येक पत्रात होतं.

प्रश्न : नमस्कार सर, आजोबांच्या कपाटात इंग्रजी 'जंगल बुक' सापडलं. लाल कापडी बांधणी, वर सोनेरी गोलात हत्तीचं डोकं, शेजारी स्वस्तिक. आत 'फर्स्ट एडिशन १८९४' असं स्वच्छ छापलंय. एक गृहस्थ पंचवीस हजार द्यायला तयार आहेत, पण नेटवर तर लाखांचे आकडे दिसतात. विकू की थांबू? – एक वाचक, पुणे

उत्तर : ज्या ओळीत 'फर्स्ट एडिशन १८९४' आहे ना, ती तिथेच सोडू नका, पुढे वाचा. 'रीप्रिंटेड' असा शब्द येईल आणि मग सालांची रांग लागेल, तर त्या रांगेतलं शेवटचं साल हे तुमच्या हातातल्या पुस्तकाचं. प्रकाशक मॅकमिलनवाले प्रत्येक छपाईची अशी नोंद छापायचे, आणि पहिलं साल सगळ्यात वर असल्यामुळे निम्मे लोक तिथेच फसतात. खरी पहिली आवृत्ती निळ्या कापडातली, कव्हरवर सोनेरी हत्ती, पुढच्या मुख्य पानावरच १८९४ आणि मागे पुनर्मुद्रणाचं एकही साल नाही.

तुमचं लाल कापड आणि स्वस्तिक हे नंतरच्या छपाईचं लक्षण आहे. 'जंगल बुक'चा लेखक रुडयार्ड किपलिंग, त्याच्या पुस्तकांवर हे हत्तीचं डोकं आणि स्वस्तिक बरीच वर्षं असायचं, आपल्याकडचं शुभचिन्ह म्हणून त्याने ते घेतलं होतं. पुढे नाझींनी स्वस्तिक उचललं तेव्हा १९३० च्या दशकात त्याने ते काढायला लावलं. म्हणजे तुमची प्रत बहुतेक त्याच्या आधीची, जुनी नक्कीच, पण पहिली नाही.

पंचवीस हजारांचं म्हणाल तर त्या गृहस्थांना ते शेवटचं साल दाखवा, कारण त्यांचीही हीच गल्लत झालेली असणार. ते बघूनही घेत असतील तर तुमची मर्जी. मी असतो तर ठेवलं असतं. किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ चा, वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे आणि या पुस्तकातली काही चित्रं त्या वडिलांच्याच हातची आहेत. ती पुनर्मुद्रणातही असतात, एकदा निवांत बसून बघा.

प्रश्न : 'श्यामची आई'ची पहिली आवृत्ती ऑनलाइन बारा हजाराला विकायला आहे. फोटोत 'पहिली आवृत्ती' हे शब्द स्पष्ट दिसतायत. घेऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी त्या पानाचा पूर्ण फोटो मागवा, नुसत्या दोन शब्दांचा नाही. प्रकाशक, मुद्रक, साल, किंमत सगळं दिसलं पाहिजे, विकणारा टाळाटाळ करत असेल तर विषय संपला.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि ते आलं १९३५ ला. गुरुजी गेले १९५० मध्ये. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे २०१० संपलं आणि पुस्तक सगळ्यांसाठी मोकळं झालं, मग कोणीही छापावं आणि प्रत्येकजण आपल्या पुस्तकावर 'पहिली आवृत्ती' लिहिणार, कारण त्या प्रकाशकाची ती खरंच पहिलीच असते. खोटं कोणी बोलत नाही, पण बारा हजार तुमचे जातात.

दुसरी एक गोष्ट, जुन्या मराठी पुस्तकांवर साल बऱ्याचदा शकात असतं. शके १८५७ बघून 'दीडशे वर्षांचं पुस्तक' म्हणून नाचणारे लोक मला भेटलेत. त्यात ७८ मिळवा, १९३५ येतं (शकवर्षाच्या शेवटचे दोन-तीन महिने असतील तर ७९). आणि 'प्रथमावृत्ती'च्या खाली बारीक अक्षरात 'पुनर्मुद्रण' लिहिलंय का तेही बघा.

प्रश्न : मी लंडनजवळ राहते. इथल्या चॅरिटी शॉपमध्ये 'पीटर रॅबिट' मिळालं, आत १९०२ आहे. लॉटरी लागली का? – एक वाचक, इंग्लंड

उत्तर : बहुतेक नाही, कारण ते १९०२ कॉपीराइटचं साल आहे आणि पुढे अनेक वर्षं तसंच छापत राहिले. लेखिका बीट्रिक्स पॉटरला आधी प्रकाशकांनी नकार दिला होता म्हणून तिने डिसेंबर १९०१ मध्ये स्वतःच्या पैशाने फक्त २५० प्रती काढल्या, आणि वॉर्न कंपनीची रंगीत आवृत्ती आली ऑक्टोबर १९०२ ला. त्या वॉर्नच्या पहिल्या छपाईत ५१ व्या पानावर पीटर रडतो तिथे 'वेप्ट बिग टिअर्स' आहे, नंतर 'वेप्ट'च्या जागी 'शेड' केलं. तेवढं एक क्रियापद बघा. शिवाय कव्हर उघडल्यावर आतल्या कागदावर प्राण्यांची रंगीत चित्रं पसरलेली असतील तर ती छपाई १९०३ किंवा त्यानंतरची, त्या चित्रांना जागा करायला मजकुरातली चार चित्रं काढून टाकली होती.

आणि तिकडे आहात तर जॅकेटवर लक्ष ठेवा. पुस्तकावरचं ते सुटं कागदी वेष्टन पोरं पहिल्या आठवड्यात फाडतात म्हणून पुस्तक उरतं पण जॅकेट उरत नाही, आणि किमतीतला मोठा फरक तिथेच पडतो. टोल्कीनचं 'हॉबिट' १९३७ मध्ये १५०० प्रती छापलं, त्याच्या जॅकेटच्या आतल्या घडीवर 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'वाल्या लुइस कॅरलचं खरं आडनाव 'डॉजसन' चुकून एक जादा 'ई' घालून छापलं गेलं. मग प्रकाशकाकडे कोणीतरी बसून तो 'ई' शाईने हाताने खोडला. एवढीशी रेघ, पण ती बघायला लोक भिंग घेऊन बसतात!

किंमत बघताना मात्र विकणाऱ्याने काय मागितलंय ते बघू नका, लिलावात खरोखर कितीला गेलं ते बघा.

प्रश्न : लहानपणची रशियन पुस्तकं, मराठीतली, मॉस्कोच्या 'रादुगा' प्रकाशनाची, अजून जपलीत. पानं सुटलीत, सेलोटेप लावू का? एकावर भावाने खडूने नाव लिहिलंय, ते खोडू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही नको! सेलोटेप आज बरी दिसते, पण दहा-पंधरा वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो आणि टेप सुटली तरी डाग राहतो. मी असा एक अख्खा संच बघितलाय, प्रत्येक चित्राच्या मधोमध तपकिरी पट्टा, बघवत नाही. आधीची टेप असेल तर तीही ओढू नका, कागदाचा थर सोबत येतो. नवीन बाइंडिंग तर मुळीच नको, बाइंडर कडा कापतो, मूळ कव्हर फेकून देतो आणि मग पुस्तकाची ओळखच जाते. सुटी पानं क्रमाने आत ठेवा, बाहेरून सुती नाडी सैल बांधा, बस.

ही पुस्तकं मॉस्कोत छापून आपल्याकडे लोकवाङ्मय गृहामार्फत यायची, १९९१ ला सोव्हिएत युनियन गेलं आणि ती बंद झाली, म्हणून ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याचकडे आहेत. शेवटच्या पानावर बारीक रशियन मजकूर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा, छपाईची माहिती तिथेच असते.

पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, ओल आत अडकते आणि बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको, आणि महिन्यातून एकदा पुस्तकं काढून वारा द्या, कसर अंधारात आणि दमटातच वाढते.

खडूचं नाव राहू दे. बाजारात त्याने किंमत थोडी कमी होते हे खरं, पण खोडल्यावर कागद खरवडतो आणि मग ती जास्तच कमी होते. भावाला एकदा दाखवा.