नवखा क्वार्टरबॅक आला की काय बघायचं

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघात नवखा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल चालवणारा खेळाडू, आला तर नुसते पासचे आकडे धरून बसू नका. वॉशिंग्टन कमांडर्स या संघाचंच घ्या. 2023 मध्ये 4 विजय. 2024 मध्ये नवखा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स आला आणि 12! आक्रमणाचा तेव्हाचा प्रशिक्षक क्लिफ किंग्सबरीने त्याला सवयीची शॉटगन (काही यार्ड मागे उभं राहून चेंडू घ्यायची रचना) दिली, हडल (चालीआधी घोळका करून ठरवणं) बरेचदा टाळलं. बचावाला खेळाडू बदलायला उसंतच नाही.

एखादी चाल थांबवत थांबवत बघा. चेंडू रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या गड्याच्या, पोटाशी, डॅनियल्सची नजर मात्र कडेच्या बचावपटूवर. तो बचावपटू आत धावला, की चेंडू काढून घेऊन डॅनियल्स स्वतः बाहेरून सुसाट. त्या हंगामात त्याने धावून 891 यार्ड काढले. त्या धास्तीने कडेचा गडी जागीच घुटमळतो आणि रनिंग बॅकला मधून वाट मिळते. मला तरी खरी मौज इथेच वाटते.