घरच्या घरी सांगाड्याचा भीतीदायक मेकअप कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की वेशभूषेसाठी पांढऱ्या चेहऱ्यावर डोळ्यांभोवती काळी वर्तुळं काढून पाहिली, पण कवटीऐवजी पांडा दिसतो आणि घरात मेकअपचं खास सामानही नाही. सामानाची काळजी सोडा. हौशी नाटकांसाठी मी बरीच वर्षं चेहरे रंगवते आहे. ब्रश हातात घेण्याआधी स्वतःचा चेहरा नीट चाचपून बघितला की निम्मं काम होतं, असं माझं ठाम मत आहे. कवटी आत आहेच. हाड कुठे वर आलंय आणि खळगा कुठे आहे हे बोटांना कळलं, की रंग कुठे लावायचा हे वेगळं शिकावं लागत नाही.

डोळ्यांपासून सुरुवात करा. भुवईखाली बोट टेकवलं की हाडाची कड लागते. त्या कडेकडेने बोट नाकाच्या बाजूने खाली आणा आणि गालाच्या हाडावरून बाहेर न्या. खोबण गोल नाहीच, हे लगेच कळेल. ती कोपरे गोलसर केलेल्या चौकोनासारखी आहे, बाहेरच्या बाजूला किंचित खाली उतरलेली, आणि वाटते त्यापेक्षा बरीच मोठी. पांडा होतो तो इथेच, कारण आपण पापणीभोवती लहानसं वर्तुळ काढून थांबतो. काळा रंग भुवईपर्यंत चढवा आणि भुवईही त्यात बुडवून टाका. भुवई दिसत राहिली तर कवटी जिवंत माणसाचीच वाटते.

नाकाचं वरचं हाड बोटांनी धरून खाली या. जिथे हाड संपून नाक मऊ लागतं, हलवलं की हलतं, तिथून पुढे सगळी कूर्चा. कवटीत ती उरत नाही, म्हणून तिथे भोक दिसतं. त्यामुळे नाकाचा वरचा भाग पांढराच ठेवायचा आणि शेंडा, नाकपुड्या, खालची बाजू काळी करायची. आकार पत्त्यांतल्या उलट्या बदामाचा. मधोमध एक बारीक पांढरी उभी रेघ ठेवली तर आतला पडदा असल्याचा भास होतो.

आता दात घट्ट आवळा आणि कानशिलावर बोटं ठेवा. जो स्नायू फुगतो, त्याच्या जागी कवटीला खोलगट भाग असतो. तिथे सावली हवी. गाल आत ओढले की गालाच्या हाडाखाली खळगा पडतो, तो कानाजवळून तोंडाच्या कोपऱ्याकडे उतरतो. तिथेही सावली हवी, पण ती कानाकडे गडद आणि तोंडाकडे येता येता विरत जाणारी.

सामान म्हणाल तर एकच वस्तू विकत घ्या: चेहऱ्यासाठीचाच पांढरा फेस पेंट, शक्यतो पाण्याने चालणारा. बाकी मॅट काळी आणि तपकिरी आयशॅडो, काजळाची पेन्सिल, फेस पावडर, एक स्पंज आणि दोन ब्रश, एक जाड, एक अगदी बारीक. अ‍ॅक्रिलिक रंग, पोस्टर कलर, मार्कर, टूथपेस्ट यातलं काहीही चेहऱ्यावर लावू नका. डब्यावर विषारी नाही असं लिहिलेलं असलं तरी तो रंग कातडीसाठी बनवलेला आहे असा त्याचा अर्थ होत नाही. फेस पेंटसुद्धा आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपकाभर लावून चोवीस तास बघा. आणि डोळे भयानक दिसावेत म्हणून डॉक्टरांना न विचारता रंगीत लेन्स तर अजिबात नको. काळ्या खोबणीत साधा डोळा चमकतो, तोच पुरेसा भेदक दिसतो.

क्रम मात्र पाळा. आधी मॉइश्चरायझर, तो मुरेपर्यंत थांबा. मग तपकिरी आयशॅडोने खळग्यांच्या कडा हलक्या आखा. त्यानंतर पांढरा, फक्त हाडांच्या जागी. काळ्याखाली पांढरा लावला की दोन्ही मिसळून राखाडी चिखल होतो. स्पंज पिळून जेमतेम ओलसर ठेवा आणि पुसल्यासारखा न फिरवता थोपटत लावा. एक जाड थर तडकतो. दोन पातळ थर टिकतात. खरं हाड पांढरंशुभ्र नसतं, म्हणून पांढऱ्यात पिवळसर तपकिरी आयशॅडोची चिमूट मिसळली तर फार फरक पडतो. वाळलं की पफने पावडर दाबा, डोळे मिटून.

मग सावल्या: आधी तपकिरी, तिच्या आत काळी. ही पायरी बहुतेक जण गाळतात. काळ्या-पांढऱ्याच्या मधे तपकिरीची झिरपती कड नसेल तर चेहरा छापील मुखवट्यासारखा सपाट राहतो. खोबणीच्या वरच्या कडेला मात्र उलट करा. तिथे काळ्याची रेघ ठळक आणि स्वच्छ ठेवा, म्हणजे कपाळाचं हाड पुढे आल्यासारखं दिसेल. काळा रंग पापणीच्या आतल्या ओल्या कडेला लावू नका.

दातांवर वेळ घालवा, मला तरी सगळ्यात मजा तिथेच येते. ओठांवरही पांढरा लावून पावडर दाबा, नाहीतर बोलताना निघतो. ओठ सहज मिटलेले ठेवून मधली रेघ दोन्ही बाजूंना गालावर थोडी पुढे न्या. आता आरशात स्वतःचे दात बघा: वरचे मधले दोन रुंद, खालचे अरुंद. त्यामुळे वरच्या फटी खालच्या फटींच्या सरळ रेषेत येत नाहीत. उभ्या रेघा वरून खाली सलग ओढल्या की टाके घातल्यासारखं दिसतं, म्हणून वरचे आणि खालचे दात वेगवेगळे काढा. मुळांकडे रेघ बारीक होत विरू द्या आणि दोन दातांच्या मधे मुळाशी काळ्याचा छोटा त्रिकोण भरा.

जबड्याची कड पांढरी आणि तिच्या लगेच खाली गळा काळा केला, की डोकं धडापासून सुटल्यासारखं दिसतं. कानही काळे करायला विसरू नका. केसांसाठी काळी टोपी किंवा हूड असला की काम सोपं होतं.

मग फोनवर एक कृष्णधवल फोटो काढा, ज्या उजेडात लोक तुम्हाला बघणार आहेत त्याच उजेडात. अंधूक जागेत बारीक तडे आणि रेघा कुणाला दिसत नाहीत. डोळे, नाक, गाल हे मोठे काळे आकारच काम करतात. फोटोत ते आकार ओळखू आले नाहीत तर काळा आणखी गडद करा.

काढताना घासू नका. पाण्याच्या रंगाला कोमट पाणी आणि सौम्य फेसवॉश पुरतो. काजळ तेलकट असतं, त्यासाठी आधी खोबरेल तेल किंवा क्लीन्सिंग बाम. कापूस मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट नुसता धरून ठेवा, मग खाली ओढा.