पॅरिसमध्ये खास जेवण? मग दुपारी जा

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस मिशलिन तारेवाल्या (म्हणजे मिशलिन या खाद्य-मार्गदर्शिकेने उत्तम स्वयंपाकासाठी तारा दिलेल्या) रेस्टॉरंटमध्ये साजरा करताय ना, मग रात्रीचा हट्ट सोडा. स्वयंपाकघर तेच, पण दुपारचं ठरावीक पदार्थांचं जेवण बऱ्याच ठिकाणी पुष्कळ स्वस्त पडतं. रविवार-सोमवार अनेक जागा बंद, ऑगस्टात तर कित्येक जण सुट्टीवरच. शाकाहारी असाल तर टेबल राखतानाच कळवा, मासे आणि कोंबडी उकळलेलं पाणीसुद्धा चालत नाही असं स्पष्ट लिहा. आम्ही आयत्या वेळी सांगितलं आणि उकडलेल्या भाज्यांवर वाढदिवस काढला! साधं पाणी हवं तर ‘काराफ दो’ म्हणा, फुकट मिळतं. सेवाशुल्क बिलात धरलेलंच असतं, टिपेचं दडपण नको. आणि बिल मागितल्याशिवाय सहसा येत नाही, उगाच ताटकळू नका.