दहा वर्षांची वही

पहिलीच द्राक्षबाग लावलीस आणि २०२० तोंडावर आल्यावर विचारतोस, दहा वर्षांत काय कमावलंत काका? ऐक. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट: माल काढणीला आलेला, अर्ध्या तासात मांडवावर नुसत्या काड्या. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, त्याच उन्हाळ्यात आम्ही टँकरवर बाग जगवली. नोव्हेंबरात नोटाबंदी, मजुरांना रोख द्यायची कुठून? आणि यंदा ऑक्टोबरचा तो पाऊस. लवकर छाटलेल्या प्लॉटातले घड डावणीनं, म्हणजे बुरशीसारख्या रोगानं खाल्ले.

पण ३१ डिसेंबरला नफातोटा मांडत बसू नकोस. तेव्हा माल वेलीवरच असतो, आपलं वर्ष संपतं एप्रिलच्या खरड छाटणीला, म्हणजे माल काढून झाल्यावरच्या छाटणीला. आत्ता फक्त वही घाल: छाटणीची तारीख, पाऊस, फवारण्या, मिळालेला भाव. उधारीसुद्धा. मी २०१४ पर्यंत काही लिहीत नव्हतो, मग औषधवाल्यानं सांगितला तोच आकडा मुकाट मान्य करावा लागला.

फळांसाठीच्या छाटणीला सगळी बाग एकाच आठवड्यात छाटू नकोस, पंधरा दिवसांचं अंतर ठेव. यंदा माझा उशिरा छाटलेला एकरच तेवढा उभा आहे. ये एकदा बघायला.