भूचुंबकीय वादळाच्या रात्री पन्हाळ्यावरून ध्रुवीय प्रकाशाचा फोटो मिळेल का?

जवळजवळ अशक्यच आहे. भूचुंबकीय वादळ म्हणजे सूर्याकडून आलेल्या भारित कणांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारी खळबळ. मे २०२४ मधील जी-५ या सर्वांत तीव्र श्रेणीच्या वादळात लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजालगत लाल आभा टिपली होती. कोल्हापूर त्याच्याही सुमारे सोळा अंश दक्षिणेला असल्याने तोच प्रकाश इथे क्षितिजाखाली राहतो. फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईहून तो दिसल्याची नोंद आहे खरी, पण तशी वादळे विरळाच. पन्हाळ्यावरून उत्तरेला तांबूस उजेड दिसला, तर तो बहुधा वारणानगर-कोडोली बाजूच्या दिव्यांचाच असणार, हे आधी पडताळून पाहावे.

त्यामुळे कॅमेरा घेऊन हानलेला किंवा थेट नॉर्वेतील ट्रॉम्सोला जावे. हानलेसारख्या ठिकाणी दिसणारा लाल रंग दोनशे किलोमीटरहून अधिक उंचीवरील ऑक्सिजनच्या अणूंचा असतो आणि तो इतका मंद असतो की, डोळ्यांना आकाश राखाडी वाटत असतानाच कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते लालसर उमटते. तिथे ट्रायपॉड, एफ/२.८ ची (भरपूर प्रकाश आत घेणारी) रुंद लेन्स, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० आणि दहा ते पंधरा सेकंदांचे एक्सपोजर यांपासून सुरुवात करावी. ट्रॉम्सोला मात्र हिरवे पट्टे भराभर सरकत असल्याने एक्सपोजर दोन-चार सेकंदांचेच ठेवावे, अन्यथा पट्ट्यांच्या घड्या पुसल्या जाऊन नुसता हिरवा धूर उरतो. ऑटोफोकस बंद करून लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरील थेट दृश्यात) एखादा ठळक तारा मोठा करावा आणि तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत लेन्सची फोकस रिंग हाताने फिरवावी. फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपातच घ्यावेत. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवावी, कारण थंडीत ती झपाट्याने उतरते.