व्यवसाय अखंड चालू ठेवण्याच्या आराखड्यात कोणकोणत्या आपत्ती धराव्यात?

पूर, आग, भूकंप हे सगळ्यांनाच सुचतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा तळमजल्यावरचं सगळंच गेलं. सर्व्हर, इन्व्हर्टर, हिशेबाच्या फायली खाली असतील तर आधी वर हलवा. विम्यात पूर धरलाय का, तेही एकदा वाचून घ्या.

पण माझ्या मते धंदा जास्त वेळा अडतो तो वीज, इंटरनेट आणि सॉफ्टवेअरपायी. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार काही तास बंद पडले. त्यांच्याकडे दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन होत्या, पण गडबड दोन्हीकडे झाली. म्हणून दुसरी लाइन घेताना ती कोणत्या रस्त्याने येते हे विचाराच. दोन्ही केबल एकाच चरातून येत असतील तर एक जेसीबी पुरे! १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. ना हल्ला, ना पाऊस.

रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, वेगळं धरा. बॅकअपची डिस्क कायम संगणकाला जोडलेली असेल तर तीही लॉक होते.

साथ, संप, पुरवठादार बुडणं हेही आलंच. आणि छोट्या ऑफिसात हमखास राहणारी गोष्ट: जीएसटीचा पासवर्ड एकट्या अकाउंटंटला माहीत, ओटीपीही त्याच्याच मोबाइलवर. तो आठवडाभर दवाखान्यात असेल तर रिटर्न कोण भरणार, हे आजच ठरवा.