दुकानाच्या दारातलं चोरी पकडणारं टॅगचं गेट उगाचच वाजत राहतं. सेन्सिटिव्हिटी किती ठेवावी?

आकडा मागू नका. तुमचं दार न बघता जो आकडा सांगेल, त्याला या कामातलं काही कळत नाही. मी हीच गेटं बसवतो, आणि याच प्रश्नावरून आधीच्या कंपनीतल्या माझ्या सिनियरशी माझं कायमचं वाजलं.

त्याची पद्धत सोपी होती. तक्रार आली की लॅपटॉप जोडायचा, गेन, म्हणजे गेटची सेन्सिटिव्हिटी, खाली खेचायचा, सही घ्यायची आणि निघायचं. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात गेट दिवसभर गप्प असायचं आणि संध्याकाळ झाली की सुरू व्हायचं. संध्याकाळच्या पाळीतल्या मुली बिल करताना लेबल डीअ‍ॅक्टिव्हेट, म्हणजे निकामी, करायला विसरतात, असं मॅनेजरने ठरवूनच टाकलं होतं. एकीला तर मेमोही मिळाला होता. सिनियर गेन उतरवून गेला, दुकान शांत झालं, सगळे खूश. नंतर मेंटेनन्सला मी गेलो आणि खिशात लेबल टाकून गेटमधून चाललो, तर गेट हूं नाही की चूं नाही.

मी गेन पूर्वीएवढा केला आणि संध्याकाळपर्यंत थांबलो. दारात चिटपाखरू नसताना गेट वाजलं. त्या मुलींचा संबंध तिथेच संपला, कारण लेबल जिवंत राहिलं असतं तर गिऱ्हाईक बाहेर पडताना वाजलं असतं. मग नॉइजचा, म्हणजे आजूबाजूच्या विजेच्या उपकरणांच्या गोंगाटाचा, आलेख स्क्रीनवर लावून एकेक एमसीबी पाडत गेलो. दर्शनी बोर्डाचा पाडला आणि रेघ धाडकन खाली बसली. रिनोव्हेशनमध्ये एलईडीचा नवा बोर्ड आला होता, आणि तो लागायचा दिवेलागणीला. गेट ५८ किलोहर्ट्झचं, म्हणजे अकूस्टो-मॅग्नेटिक, थोडक्यात एएम. ते घंटेवर टोला मारावा तसा सिग्नल सोडतं, थांबतं, आणि टॅगमधली पट्टी मागे घुमत राहिली आहे का ते ऐकतं. नेमक्या त्या शांततेत बोर्डाचा एसएमपीएस, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, बडबडत होता. तो बदलला, वायर अँटेनापासून लांब नेली, काम झालं. सिनियरचं म्हणणं काय, तर "दोन मिनिटांच्या कामाला आख्खी संध्याकाळ घालवलीस."

आता तुमचं. गेट कोणत्या प्रकारचं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण कधी वाजतं ते आधी बघा. कोणी नसताना वाजलं तर नॉइज, किंवा टॅग लावलेला माल गेटला खेटून मांडलाय. आत येणाऱ्यावर वाजलं तर त्याच्याकडे दुसऱ्या दुकानाचं जिवंत लेबल आहे. बिल करून जाणाऱ्यावर वाजलं तर काउंटर तपासा. दुसरा प्रकार आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींवर चालणारा. त्याच्या ८.२ मेगाहर्ट्झच्या लेबलातला कपॅसिटर जाळावा लागतो, एएमच्या लेबलातलं चुंबकत्व उतरवावं लागतं. लेबल निकामी करणारा काउंटरवरचा एकाचा पॅड दुसऱ्याला चालत नाही. आरएफ असेल तर शटर, दाराची धातूची चौकट आणि मागे गुंडाळून ठेवलेली जास्तीची केबल यांच्यावर आधी संशय घ्या. शेजारच्या दुकानातही एएम गेट असेल तर दोघांचं टायमिंग जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या ऐकण्याच्या वेळेत घुसतो.

गेनला हात सगळ्यात शेवटी. चाचणी तुम्ही खरोखर वापरता त्या सगळ्यात लहान लेबलाने घ्या, विक्रेत्याच्या खिशातल्या मोठ्या हार्ड टॅगने नाही. त्याने गेन उतरवलेलं गेटही वाजतं. दोन पेडेस्टलच्या, म्हणजे गेटच्या खांबांच्या, बरोबर मधून जा. लेबल घोट्याजवळ, कमरेला, खांद्याशी धरा, आणि प्रत्येक वेळी उभं, आडवं, सपाट असं फिरवून बघा.

हे सगळं करूनही फॉइलचं अस्तर लावलेली पिशवी सुटेल. तिला धातू ओळखणारं वेगळं युनिट लागतं. आणि हो, गेटजवळ बाकडं किंवा बिलाची रांग ठेवू नका. पेसमेकर असलेल्या माणसाने तिथून चालत निघून जावं, रेंगाळू किंवा टेकू नये.

सर्व्हिसवाला आल्या आल्या गेन उतरवायला लागला तर तिथेच थांबवा. आधीचा गेन, नंतरचा गेन आणि नॉइजची पातळी रिपोर्टवर लिहून घ्या. आमच्या सिनियरच्या रिपोर्टवर कायम एकच ओळ असायची, "सिस्टीम ओके". असला कागद सही न करता परत द्या.